तुम्ही विचारलंत म्हणून: वेताळ की बहादूर?

माझ्या कपाटातली इंद्रजाल कॉमिक्सची थप्पी पाहिली की पाहुणे हटकून विचारतात, "काय हो, वेताळ की बहादूर?" मी बहादूर म्हणतो आणि त्यांचा चेहरा पडतो. (वेताळ म्हणजे अमेरिकेचा 'फँटम', जंगलातला मुखवटेवाला वीर. बहादूर आपला देशी नायक.)

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्करात. (लष्कर म्हणजे फौज नव्हे, शिंद्यांच्या छावणीचं पुढे गाव झालं, ते.) घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. कॉमिक्सचंही तेच. मामा पुण्याहून मराठी अंक आणायचा, हिंदी अंक बाड्याजवळच्या दुकानातून दहा पैसे रोजाने यायचे. म्हणून आमच्याकडे एक वेताळ होता आणि एक वेताल.

वेताळ वाईट नव्हता. पण ली फॉकने १९३६ साली तो काढला तेव्हा अमेरिकेत जंगलकथांची चलती होती. टारझन १९२९ पासूनच वर्तमानपत्रांच्या चित्रपट्ट्यांत झाडांवरून झोके घेत होता. वेताळाचं जंगलही तसंच, लांबून कल्पिलेलं. १९६४ साली इंद्रजालने त्याला इकडे आणलं, तेव्हा बंगालची आठवण नको म्हणून त्याच्या देशाचं डेंकाली केलं आणि 'सिंग' चाच्यांचं 'सिंगा'. बरंच झालं, आमच्या वर्गात सात सिंग होते.

बहादूरला असलं काही करावं लागलं नाही. आबिद सुरतींनी १९७६ साली त्याला थेट चंबळच्या मुलखात उभा केला. बाप भैरवसिंग डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. पोरगा मात्र डाकूंशी लढायला गावकऱ्यांचं दल उभारतो. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. तेव्हाच्या कॉलेजकुमारांचा हाच थाट. माझ्या काकाचाही होता, फक्त त्याच्या कुर्त्यावर आजीने रफू केलेलं असे.

आणि डाकू आमच्यासाठी गोष्टीतले नव्हते. मोहरसिंग, माधोसिंग या डाकूंनी जयप्रकाश नारायणांपुढे बंदुका ठेवल्या ते जौरा, १९७२ सालचं, आमच्यापासून फार लांब नाही. आमचा दूधवाला मुरैन्याकडचा. त्याच्यासमोर 'डाकू' म्हटलं की आजी डोळे वटारायची. "बागी म्हण रे." बागी म्हणजे बंडखोर.

एकदा ओट्यावर मी बहादूर वाचत होतो. दूधवाल्याने चरवी खाली ठेवली, ओला हात धोतराला पुसला आणि अंक मागितला. वाचता येत नव्हतं, चित्रं मात्र बारकाईने पाहिली. एका चित्रात डाकू घोडे उधळत येत होते. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "लल्ला, बीहड़ में घोड़ा कहाँ चलेगा? बागी तो पैदल चलता है।"

बीहड म्हणजे चंबळकाठच्या घळी, तिथे घोडा कुठला. घोडे सिनेमातून आले होते. 'शोले' येऊन जेमतेम दीडेक वर्ष झालं होतं आणि तेव्हा डाकू म्हटला की घोडा आलाच. मला हे खूप उशिरा कळलं. त्या दिवशी मी फक्त निळं पेन काढलं आणि घोड्यांवर फुल्या मारत सुटलो. दुकानदाराने अंक परत घेतला नाही, पूर्ण पैसे वसूल केले. थप्पीत सगळ्यात वर तोच आहे.