ठेंगण्या मुलाचा आलेख कसा वाचावा

वर्गाच्या रांगेत मूल सर्वांत पुढे उभे केले जाते, धाकटे भावंड उंचीत त्याच्या बरोबरीला येते किंवा गेल्या वर्षीचे कपडे यंदाही आखूड होत नाहीत, तेव्हा पालकांच्या मनात पहिला प्रश्न येतो की याची उंची कमी आहे का. या प्रश्नाचे उत्तर आलेख पाहून लगेच देता येते. त्याच वयाच्या मुलग्यांच्या किंवा मुलींच्या आलेखावर उंची तिसऱ्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे जिच्याखाली शंभरांतली तीनच मुले येतात त्या रेषेच्या, खाली असेल, तर तिला वैद्यकीय भाषेत कमी उंची म्हणतात. मात्र या व्याख्येनुसार १०० निरोगी मुलांपैकी तीन मुले त्या रेषेखाली असणारच, आणि त्यांतल्या बहुतेकांना कोणताही आजार नसतो. म्हणून मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: मूल कोणत्या वेगाने वाढत आहे?

आठ वर्षांचे दोन मुलगे घ्या. दोघांचीही उंची ११६ सेंटीमीटर, म्हणजे तिसऱ्या पर्सेंटाइलच्या किंचित खाली. पहिल्याची उंची सहाव्या वर्षी १०६ आणि सातव्या वर्षी १११ होती. तो खालच्या रेषेला धरून, पण वर्षाला ५ सेंटीमीटर या वेगाने वाढत आला आहे. दुसरा सहाव्या वर्षी ११२ होता, सातव्या वर्षी ११४.५ झाला आणि त्यानंतरच्या पूर्ण वर्षात केवळ दीड सेंटीमीटर वाढला. आजचा ठिपका दोघांचा एकच आहे, पण दुसऱ्याची रेषा इतर मुलांच्या रेषांना छेदत खाली उतरली आहे आणि त्याच्या तपासण्या आजच व्हायला हव्यात. किंबहुना हा मुलगा सातव्या वर्षीच, उंची ‘नॉर्मल’ पट्ट्यात असतानाच, लक्षात यायला हवा होता.

पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास, आणि चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६. या काळात वेग सातत्याने ४ सेंटीमीटरच्या खाली राहिला, तर पर्सेंटाइल कोणताही असो, कारण शोधावे लागते. पहिल्या दोन वर्षांत मात्र पर्सेंटाइल बदलला म्हणून लगेच घाबरू नये, कारण जन्माच्या वेळची लांबी गर्भाशयातील परिस्थितीवर बरीच अवलंबून असते आणि नंतर मूल हळूहळू आपल्या आनुवंशिक रेषेवर येते.

हे सगळे मोजमापावर उभे आहे आणि नेमकी तिथेच सर्वाधिक हयगय होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. बूट काढलेले असावेत, केस वर बांधलेले नसावेत, टाचा, नितंब आणि पाठ मागच्या फळीला टेकलेली असावी, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत असावे, आणि मगच वरची फळी केस दाबले जातील इतकी खाली आणून मिलिमीटरपर्यंत आकडा वाचावा. दोन वर्षांखालील बाळाची लांबी झोपवून मोजतात. ती उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटीमीटर जास्त भरते, त्यामुळे मोजण्याची पद्धत बदलली की मूल अचानक खुंटल्यासारखे दिसू शकते. दिवसभरात पाठीच्या कण्यातील चकत्या दबल्यामुळे संध्याकाळची उंची सकाळपेक्षा कमी भरते, हेही ध्यानात ठेवावे. तीन महिन्यांत अपेक्षित वाढ जेमतेम दीड सेंटीमीटर, आणि मोजण्यातली चूक सहज अर्धा सेंटीमीटर. म्हणून वेगाचा निष्कर्ष काढताना दोन मापांत किमान सहा महिन्यांचे, शक्य तर वर्षाचे अंतर असावे.

‘आमच्या घराण्यात सगळे असेच’ हे वाक्यही आलेखावर तपासून पाहता येते. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करावी, मुलग्यासाठी त्यात १३ मिळवावे, मुलीसाठी १३ वजा करावे आणि निम्मे करावे. वडील १६५ आणि आई १५० सेंटीमीटर असतील, तर मुलग्याचा अंदाज १६४ आणि मुलीचा १५१ येतो; त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ सेंटीमीटरची मुभा धरतात. मूल या पट्ट्याच्या बरेच खाली चालले असेल, तर घराण्याचे कारण पुरत नाही. शिवाय पालकांची स्वतःची वाढ कुपोषणाने किंवा निदान न झालेल्या आजाराने खुंटलेली असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले पाच वर्षांखालील मुलांचे आलेख ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका येथील चांगल्या परिस्थितीत वाढलेल्या मुलांच्या मापांवर बेतलेले आहेत, आणि या सहाही ठिकाणी मुले उंचीने जवळपास सारखीच वाढली होती.

उंचीच्या शेजारी वजनाची रेषा वाचल्याशिवाय माझे समाधान होत नाही. वजन आधी घसरले आणि उंची मागून रेंगाळली, तर अपुरा आहार, सीलिअॅक आजार (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा), मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा जुना विकार यांचा विचार येतो. वजन टिकून आहे, मूल गुबगुबीतही दिसते, पण उंची थांबली आहे, असे असेल तर थायरॉईड किंवा वाढीच्या हार्मोनची कमतरता आधी डोळ्यांसमोर येते. पुढची पायरी डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय, म्हणजे हाडे किती वर्षांच्या मुलाइतकी पक्व झाली आहेत ते, पाहण्याची. घराण्यातून आलेल्या ठेंगणेपणात ते खऱ्या वयाइतकेच असते. उशिरा वयात येणाऱ्या मुलांत ते मागे असते, त्यामुळे त्यांच्या हाती वाढायला अजून अवधी असतो. पण हार्मोनच्या कमतरतेतही ते मागेच असते, म्हणून एक्स-रे पाहून वाढीचा वेग विसरून चालत नाही.

मुलींच्या बाबतीत माझा एक आग्रह आहे. कारण न सापडलेल्या कमी उंचीच्या प्रत्येक मुलीची गुणसूत्र तपासणी व्हावी, कारण टर्नर सिंड्रोममध्ये, म्हणजे मुलीचे एक एक्स गुणसूत्र नसते किंवा अपुरे असते त्या अवस्थेत, कधीकधी कमी उंची हेच एकमेव ठळक लक्षण असते. उपचार असलेल्या कारणांत हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्या बुजण्यापूर्वी निदान झाले तरच उंची मिळवता येते, आणि मुलींमध्ये पाळी सुरू झाल्यावर थोडेच सेंटीमीटर उरतात. म्हणून तपासणीला जाताना लसीकरणाच्या कार्डावर, शाळेच्या आरोग्यपत्रकावर नोंदलेली जुनी मापे तारखांसह जरूर न्यावीत. त्यांवरून मागची रेषा त्याच दिवशी काढता येते आणि वेग कळण्यासाठी आणखी वर्षभर थांबावे लागत नाही.