टोपण

काल दुपारी पेनचं टोपण शोध शोध शोधलं, तर ते माझ्याच तोंडात. बाहेर काढून पाहिलं. टोकावर दातांचे ठसे आणि क्लिप अर्धी गायब. ती अर्धी कुठे गेली, याचा विचार मी अजून केलेला नाही.

झालं एवढंच होतं की साहेबांचा निरोप आला होता : 'मोकळ्या झालात की या, जरा बोलायचंय.' कशाबद्दल, ते नाही. या 'जरा'इतका जड शब्द मराठीत दुसरा नसेल. नंतर कळलं, त्यांना फक्त रजांचा तक्ता हवा होता. मी स्वतःला 'काही नसेल गं' म्हणून समजावत होते, तोवर दातांनी परस्पर काम सुरूही केलं होतं.

टोपणाच्या टोकाला भोक असतं ना, ते शाईसाठी असावं असं मला कित्येक वर्षं वाटायचं. ते असतं टोपण घशात अडकलंच तर श्वास चालू राहावा म्हणून. आयएसओ ११५४० नावाचं रीतसर मानक आहे त्यासाठी, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पेनांना लागू होणारं. म्हणजे पोरं चावणार, हे धरूनच चाललेत. चौदानंतर माणूस सुधारतो, असा त्यांचा हिशेब असावा.

शाळेत असताना मी पेन्सिली खायचे. गणिताच्या वहीशेजारची पेन्सिल तर मागून पार भुसा झालेली असायची. 'उंदीर आहेस का?' असं बाबा विचारायचे. पुढे कधीतरी वाचलं, हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली ताणाबद्दलचं पहिलं टिपण लिहिलं ते उंदरांवरूनच. थंडी असो, जखम असो, अतिश्रम असोत, त्रास कुठलाही दिला तरी त्यांच्या शरीरात होणारे बदल साधारण तेच. तेव्हा बाबांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

आमच्या ऑफिसातही एकदा ताण घालवायचं शिबिर झालं. डोळे मिटा, चार आकडे श्वास आत, आठ आकडे बाहेर. आजूबाजूला सगळ्यांचे फोन थरथरताहेत आणि आम्ही श्वास मोजतोय. मला असल्या गोष्टींचा मनापासून राग आहे. जास्त राग याचा की उपाय लागू पडतो. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके खरंच मंदावतात. पण साहेबांच्या दारात उभं राहून आठ आकडे मोजायचे कुणी? माझा भरवसा आपला ताणून देण्यावर. ज्या शब्दातून 'ताण' निघाला त्यातूनच 'ताणून देणं'ही निघालं, ही भाषेची केवढी माया! अडचण एकच, रविवारी दुपारी ताणून दिलं तरी चारला जाग येते आणि सोमवार उशाशी येऊन बसलेला असतो.

बाबांना असलं काही कुणी शिकवलं नव्हतं. कामावरून आले की हातपाय धुवायचे आणि आमची दप्तरं ओढून घ्यायचे. सगळ्या पेन्सिली बाहेर. जुनं वर्तमानपत्र पसरून, ब्लेड घेऊन एकेकीला टोक काढत बसायचे. टोक असलेल्या पेन्सिलीलासुद्धा! तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, आई नुसती डोळ्यांनी खुणावायची. सालपटं गोल गोल पडत राहायची. मग केव्हातरी ते मान वर करून 'अभ्यास झाला का?' विचारायचे आणि घरात पुन्हा आवाज सुरू व्हायचे.

मी मागून कुरतडायची, ते पुढून तासायचे. आमच्या घरी पेन्सिल महिनाभरसुद्धा टिकायची नाही. एवढ्या पेन्सिली लागतात कशाला, म्हणून आई माझ्यावरच ओरडायची आणि बाबा गप्प राहायचे.

त्यांना तिथे 'जरा बोलायचंय' कोण म्हणायचं, हे मी कधी विचारलंच नाही.