अपडेटनंतरचा बुधवार

बुधवार, रात्र

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोजचं सुरक्षा अपडेट सोडतं. तिकडची सकाळ म्हणजे आपल्याकडची रात्र, म्हणून भारतात त्याचा खरा दिवस बुधवार. ‘बाहेरची हार्ड डिस्क दिसेनाशी झाली’ ही तक्रारही मग त्याच सुमारास ऐकू येते.

खापर अपडेटवर फुटतं. ते अगदीच खोटं नाही, पण अपडेट सहसा बाहेरच्या डिस्कवरचा डेटा पुसत नाही. एरवी ‘शट डाउन’ म्हटलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा नुसता झोपलेला असतो. अपडेटमध्ये तो खरोखर बंद होऊन पुन्हा उठतो, कधी यूएसबीचा ड्रायव्हर बदलतो, कधी ड्राइव्हची अक्षरं इकडची तिकडे होतात. डेटा जातो तो पुढच्या दहा मिनिटांत, घाबरलेल्या माणसाच्या बोटाने.

कारण पडद्यावर दोनपैकी एक खिडकी उभी असते: ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ किंवा ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’. दोन्हींना कॅन्सल. फॉरमॅट फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची व्यवस्था, नव्याने मांडतं. इनिशिअलाइझ फाइली लगेच पुसत नाही, पण कोणतं पार्टिशन (डिस्कचा भाग) कुठून कुठपर्यंत आहे तो नकाशाच नवा कोरा लिहितं.

त्याआधी कान लावायचा. अडीच इंची डिस्क फक्त यूएसबीच्या 5 व्होल्टवर चालते आणि मोटर फिरायला लागताना 1 अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकते. यूएसबी 2 चा पोर्ट नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3 चा 900. अ‍ॅडॅप्टर नसलेला हब किंवा कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट इथेच कमी पडतो. डिस्क फिरायला जाते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. आखूड केबलने थेट मागच्या पोर्टला लावून पाहावी, केबल बदलून पाहावी. एकसारखा टक-टक आवाज येत असेल तर मात्र डिस्क लगेच काढायची. तो डेटा वाचणाऱ्या हेडचा आवाज आहे, प्रत्येक मिनिट महागात पडतं.

आवाज ठीक असेल तर डिस्क दुसऱ्या संगणकाला लावायची. तिथे उघडली तर आधी फाइलींची कॉपी तिथेच सुरू करावी, दुरुस्ती नंतर.

नाहीच उघडली तर स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट. सगळ्यात जास्त वेळा आढळणारा प्रकार सगळ्यात निरुपद्रवी: साइज बरोबर, निळी पट्टी जागेवर, फक्त अक्षर नाही. ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ मधून अक्षर द्यायचं, शक्यतो शेवटाकडचं, आर किंवा टी. ई-एफ वर पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर आधीच डोळा ठेवून असतात. अक्षर दर वेळी गायब होत असेल तर डिस्कपार्ट या कमांडच्या खिडकीत ऑटोमाउंट (आपोआप अक्षर देणं) बंद पडलंय का ते पाहावं. ‘ऑफलाइन’ दिसलं तर बहुधा एका डिस्कची क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, शेजारी जोडलेली असते, दोघींची सही (ओळख क्रमांक) एकच. एक काढली की झालं.

‘रॉ’, म्हणजे विंडोजला फाइल सिस्टीम ओळखता येत नाही असं, दिसलं की हात आखडायचा. चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन रॉ ड्राइव्हला हातच लावत नाही, आणि लावता आलं असतं तरी आधी तब्येत पाहायला हवी. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत 05, सी5 आणि सी6 या खराब सेक्टरांच्या (डेटाच्या छोट्या कप्प्यांच्या) तीन ओळी बघायच्या. आकडे मूळात हेक्साडेसिमल असतात, म्हणून 10 म्हणजे सोळा. सी5 शून्याच्या वर असेल तर काही सेक्टर वाचताना डिस्क अडखळते आहे. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवणं म्हणजे आजारी माणसाला जिना चढायला लावणं. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढायची, मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) ठेवून, म्हणजे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे जाता येतं. तिन्ही शून्य असतील तर हरवलेली पार्टिशनं शोधणारं टेस्टडिस्क वापरून पाहावं. एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टीम बूट सेक्टरची (पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरची) एक प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवते, त्यामुळे सुरुवातीचा सेक्टर खराब झाला तरी बऱ्याचदा सगळं परत मिळतं.

‘नो मीडिया’ किंवा शून्य साइज दिसत असेल तर संशय डिस्कच्या बाहेरच्या डब्यातल्या यूएसबी-साटा सर्किटवर, जे आतल्या डिस्कची साटा जोड यूएसबीला जोडतं. डबा बदलायचा मोह होतो, पण काही पोर्टेबल डिस्कांमध्ये यूएसबीचा पोर्ट डिस्कच्या बोर्डावरच असतो, साटा जोड नसतेच. काहींचं सर्किट डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून, लिहितं. ती डिस्क दुसऱ्या डब्यात धडधाकट असूनही रॉ दिसते आणि लोक नको त्या दुरुस्तीला लागतात.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच नसेल तर डिव्हाइस मॅनेजर, ‘शो हिडन डिव्हाइसेस’, फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढायच्या आणि ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’. थोड्या वेळाने डिस्क सुटत असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावं.

बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) लावलेली डिस्क पासवर्ड मान्य करत नसेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापील कागदावर किंवा ऑफिसच्या आयटीकडे शोधावी. ती नसेल तर दुसरी वाट नाही, कोणी सॉफ्टवेअर विकत असेल तरीही.

गुरुवार, पहाट

मॅकचं दुखणं वेगळं. एक्सफॅट (मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालणारी फाइल सिस्टीम) असलेली डिस्क इजेक्ट न करता ओढली असेल तर मागे तपासणी चालू राहते आणि डिस्क युटिलिटीत नाव करडं दिसतं. मोठ्या डिस्कवर हे तासन्‌तास चालतं. थांबावं, किंवा घाई असेल तर टर्मिनलमधून ती तपासणीची ‘एफएससीके’ प्रक्रिया बंद पाडावी. डिस्क बहुधा माउंट होते, म्हणजे उघडते, कधी फक्त वाचण्यापुरती. तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. अ‍ॅपल सिलिकॉन लॅपटॉपवर व्हेंचुरापासून नवीन जोडणीला ‘अलाऊ’ विचारतं. ती खिडकी हातून सुटली तर डिस्क मेलेली वाटते.

लिनक्सवर 5.15 पासून कर्नलमध्येच असलेला एनटीएफएस3 ड्रायव्हर ‘डर्टी’ (नीट बंद न झाल्याची) खूण असलेली डिस्क घ्यायला नकार देतो. दोष डिस्कचा नसतो, फास्ट स्टार्टअपचा किंवा इजेक्ट न केल्याचा. विंडोजमध्ये नेऊन चेकडिस्क करणं लिनक्सच्या एनटीएफएसफिक्स या साधनापेक्षा बरं, कारण एनटीएफएसफिक्स मूळ बिघाड क्वचितच सुधारतं.

अपडेट काढून टाकायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तीच डिस्क दुसऱ्या संगणकावर नीट चालत असेल तरच. मासिक अपडेट ‘अपडेट हिस्ट्री’तून निघतं. पूर्ण आवृत्ती बदलली असेल तर ‘गो बॅक’ साधारण 10 दिवसच दिसतं, नंतर ते बटण करडं होतं.