३१ जुलैचा सोमवार आणि जावईबापूंचा प्रश्न

सोमवार, ३१ जुलै २०२३. खरीप पीक विम्याचे अर्ज भरण्याचा त्या वेळी जाहीर असलेला तो शेवटचा दिवस होता. अधिक श्रावण चालू होता, आणि माझ्या भाचीला वडील नसल्यामुळे धोंड्याचे जेवण आमच्याच घरी ठरलेले होते, म्हणून भाचीचे यजमान आदल्या दिवशीच आले होते. लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी २००२ पासून इंटरनेट कॅफे चालवतो. त्या रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी विचारले, "मामा, आमच्या गावी नेट कॅफे टाकायचा विचार आहे. आता त्यात काही राहिलंय का?" हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी विचारतेच, आणि तोंडी दिलेले उत्तर कोणाला पटत नाही. मी म्हटले, "जावईबापू, उद्या सकाळी सातला माझ्याबरोबर दुकानात चला, दिवसभर बसा. मग बोलू."

सकाळी शटर उघडण्याआधीच तीसेक माणसे पायऱ्यांवर बसलेली होती. प्रत्येकाच्या हातातील कॅरीबॅगमध्ये सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक होते. त्या वर्षीच्या खरिपापासून शेतकऱ्याने विम्यापोटी केवळ १ रुपया भरायचा आणि त्याच्या हिश्श्याची उरलेली रक्कम राज्य सरकारने द्यायची, अशी योजना होती. अर्ज भरून देणाऱ्या माझ्यासारख्या केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळणार होते. शेतकऱ्याकडून त्या १ रुपयाखेरीज काही घ्यायचे नव्हते. मी ही पाटी मोठ्या अक्षरांत दारावर लावली होती, कारण शेवटच्या दिवशी माणूस घाबरलेला असतो आणि मागाल ते देऊन मोकळा होतो. त्या घाबरलेपणाचे पैसे करणे मला कधीच पटले नाही.

दुकानात तीन संगणक पाहून जावईबापूंना आश्चर्य वाटले. एके काळी तेथे दहा होते. सुरुवातीला टेलिफोनच्या तारेवरून डायल-अप जोडणी घेऊन तासाला ४० रुपये दराने मी धंदा केला. २००५ नंतर ब्रॉडबँड आले, गिऱ्हाईक वाढले आणि दर उतरत उतरत १५ रुपयांवर आला, तरी दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. २०११ च्या नियमांनी ओळखपत्र तपासणे आणि येणाऱ्या प्रत्येकाची नोंद किमान एक वर्ष जपणे बंधनकारक केले. टेबलांमधील आडोसे जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नसावेत असा दंडक असल्याने मी सुतार बोलावून ते कापून घेतले. हे सारे निभावले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि तासावर इंटरनेट विकत घेण्याचे कारणच उरले नाही. दोन वर्षांत खुर्च्या रिकाम्या पडल्या आणि सात संगणक मी मिळेल त्या भावाला विकले.

जावईबापूंना मी कागद वाचून चिठ्ठीवर तपशील उतरवण्याचे काम दिले आणि स्वतः संगणकावर बसलो. अकराच्या सुमारास एक साठीच्या पुढच्या बाई आल्या. त्यांच्या चिठ्ठीवर क्षेत्रापुढे "२" असे लिहिलेले मी पाहिले आणि हात थांबवला.

"हे दोन कुठून आले?"

"मावशींनीच सांगितलं, दोन एकर सोयाबीन आहे म्हणून."

मावशी खरेच सांगत होत्या. परंतु अर्जातील रकाना हेक्टरचा असतो. एक एकर म्हणजे ४० आर, म्हणून दोन एकरांचे ०.८० हेक्टर होते. तेथे २ भरले असते तर जमिनीहून अडीचपट क्षेत्राचा विमा उतरवला गेला असता आणि तपासणीत अर्ज फेटाळला जाण्याची भीती होती. मी सातबारा हातात घेतला, तेव्हा त्यावर एकूण क्षेत्र १.६० हेक्टर असून खाते दिरासोबत सामाईक असल्याचे दिसले. दिराने आपला अर्ज भरला आहे का आणि भरला असल्यास किती क्षेत्राचा, हे फोन करून विचारले. त्यांनी आपल्या वाट्याचे ८० आर भरले होते, तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला.

पासबुक उघडले तर पुढची अडचण निघाली. ते स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या काळातील होते. ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पासबुकावरचा शाखेचा संकेतांक जुनाच होता. अंदाजाने नवा संकेतांक टाकून अर्ज पुढे सरकवणे शक्य होते, पण दुष्काळात भरपाई मंजूर होऊन पैसे अडले तर मावशी कोणाकडे जाणार? मी जावईबापूंना मोटारसायकलवरून मावशींसह शाखेत पाठवले आणि नवे पासबुक छापून आणायला सांगितले. त्यांना परत यायला पावणेचार झाले. तोवर मी रांगेतील इतरांचे अर्ज भरले, आणि ते आल्यावर मावशींचा अर्ज सहा मिनिटांत पूर्ण झाला. पावतीची प्रत त्यांनी पदराच्या टोकाला बांधली.

संध्याकाळी वीज गेली. इन्व्हर्टरवर एक संगणक, राउटर आणि प्रिंटर एवढे सारे एकदम चालेना म्हणून पावत्या नंतर छापण्याचे ठरवून मोबाइल क्रमांक लिहून घेतले. रात्री साडेअकराला शटर ओढले तेव्हा ५४ अर्ज झाले होते. पुढे मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली, पण ते आम्हाला त्या वेळी ठाऊक नव्हते.

घरी जेवताना मी त्यांच्यापुढे हिशेब मांडला. ५४ अर्जांचे २,१६० रुपये, तेही नंतर खात्यात जमा होणार. त्यातून कागद, टोनर आणि मदतनीस मुलाची मजुरी जायची. असे दिवस वर्षात पंचवीस-तीस येतात, भरतीच्या, प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या मुदतींचे. बाकीच्या दिवसांत झेरॉक्स आणि सातबाऱ्याच्या प्रती यांवर दीडशे-दोनशे रुपये सुटले तरी पुष्कळ. जागा स्वतःची आहे म्हणून माझे भागते. दरमहा चार हजार भाडे असते तर मी हे दुकान २०१८ मध्येच बंद केले असते. "संगणकासमोरची खुर्ची भाड्याने द्यायची असेल तर पैसे घालू नका," मी म्हटले. "त्या खुर्चीत स्वतः बसून दुसऱ्याचा कागद आपला समजून वाचणार असाल, तरच विचार करा. आणि सरकारने एक योजना बंद केली की एक हंगाम बुडतो, हे धरून चाला."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मावशींचं क्षेत्र तसंच गेलं असतं तर?"

"तर पावती तरीही निघाली असती," मी सांगितले, "आणि चूक तुमची आहे हे त्यांना कधी कळलंही नसतं."

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी घराच्या ओसरीतच दुकान सुरू केले: एक संगणक, एक प्रिंटर, इन्व्हर्टर. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांनी त्यांचा हात बसला. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा बंद होऊन सोयाबीनसारख्या पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के हप्ता शेतकऱ्याला भरावा लागू लागला, आणि त्या जुलैत माझ्याही दुकानासमोरची रांग पायरीपलीकडे गेली नाही. जावईबापूंनी आता ओसरीत पिठाची गिरणी बसवली आहे. संगणक तिच्या शेजारच्या खोलीत आहे, आणि भिंतीवर त्यांनी एकर, गुंठे, आर आणि हेक्टर यांचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून लावला आहे.