उजवीकडचा रकाना

मेनूकार्ड मी कायम उजवीकडून वाचते. आधी किमतींचा रकाना, त्यात आपल्याला झेपेल असा एखादा आकडा, आणि मग तिथून बोट डावीकडे सरकवत न्यायचं, जे काय सापडेल तेच आज मला खायचं होतं असं समजायचं. कॉलेजात असताना पुण्यात एफसी रोडवर हेच करायचे आणि आता जर्सी सिटीत राहते, घरात दोघं कमावते आहोत, तरी नदीपलीकडे मॅनहॅटनमधल्या एखाद्या भारी फ्रेंच रेस्टॉरंटात बसले की हेच करते. पैसे नसतात असं नाही हो, पण कोंबडीसमोर ३८ लिहिलेलं एकदा दिसलं की ती कोंबडी मग नीट खाताच येत नाही, प्रत्येक घासाला डोक्यात भागाकार चालू.

म्हणून मला न्यूयॉर्कचा रेस्टॉरंट वीक फार आवडतो, मोठमोठी रेस्टॉरंटं तेव्हा ठरलेलं जेवण ठरलेल्या कमी किमतीत देतात. नावात वीक आहे पण चालतो चांगला तीन-चार आठवडे, आणि वर्षातून दोनदा, एकदा ऐन थंडीत आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. सुरू झाला १९९२ च्या जुलैत. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन त्या वर्षी न्यूयॉर्कात होतं, बाहेरून हजारो माणसं येणार होती, तर रेस्टॉरंटांची गाइड काढणारा टिम झॅगट आणि रेस्टॉरंटवाला जो बॉम या दोघांनी मोठमोठ्या रेस्टॉरंटांना पटवलं की चार दिवस दुपारचं जेवण १९ डॉलर ९२ सेंटला द्या. जे साल तीच किंमत. पुढे काही वर्षं किंमतही सालाबरोबर एकेक सेंटने वाढत गेली (सेंटने! काय दिवस असतील ते). अलीकडे सरळ ३०, ४५ आणि ६० असे तीन भाव असतात, दुपारी दोन पदार्थ, रात्री तीन, आणि शनिवारी बहुतेक ठिकाणी नाही.

आई उन्हाळ्यात आली होती तेव्हा मी आणि नवऱ्याने तिला नेलं. आई साताऱ्याला बँकेत होती, बरीच वर्षं कॅशला, त्यामुळे कुठलीही स्वस्त गोष्ट दिसली की तिला आनंद नंतर होतो, आधी संशय येतो. तीस डॉलरमध्ये फ्रेंच जेवण म्हटल्यावर तिचं पहिलं वाक्य, "मग ह्यांना परवडतं कसं गं?" आणि हा प्रश्न तिने जर्सी सिटीहून मॅनहॅटनला जाणाऱ्या पाथ ट्रेनमध्ये एकदा, ३३व्या स्ट्रीटला वर येताना एकदा आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पर्स ठेवताना एकदा असा विचारला.

तर एक सांगते, जे कुणी नवीन जाणार असतील त्यांच्यासाठी. आत गेल्यावर बऱ्याच ठिकाणी आधी नेहमीचंच जाडजूड कार्ड हातात देतात. रेस्टॉरंट वीकचं मागावं लागतं. आणि हा मागायचा क्षण मला भयंकर अवघड जातो, म्हणजे वेटर इतका अदबीने वाकून उभा असतो आणि आपण त्याला सांगायचं की बाबा रे आम्ही त्यातले नाही, आम्ही सवलतवाले. मी घसा साफ करत होते तेवढ्यात आई खणखणीत आवाजात "डिस्काउंट मेनू प्लीज" म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या दोन बायकांनी वळून बघितलं आणि मग, खोटं नाही सांगत, त्यांनीही मागितला.

तो कागद म्हणजे अर्ध्या पानाचा. सुरुवातीचे चार, मुख्य तीन, खाली एक गोड, त्यातले कुठलेही दोन घ्या. वर एकदाच किंमत लिहिलेली आणि खाली काही नाही. उजवीकडे रकानाच नाही! मला तेव्हा एक जुना किस्सा आठवला. पूर्वी अशा भारी फ्रेंच ठिकाणी बायकांच्या हातात किमती नसलेलं कार्ड द्यायची पद्धत होती, बिल पुरुष भरणार, बाईने कशाला आकडे बघून जीव कष्टी करावा असा विचार. १९८० साली लॉस एंजेलिसकडे एक बाई बिझनेस पार्टनरला जेवायला घेऊन गेली, बिल ती भरणार होती, आणि बिनकिमतीचं कार्ड नेमकं तिच्याच हातात. तिने केस ठोकली, मग रेस्टॉरंटने ती पद्धत बंद केली आणि तिने केस मागे घेतली. बरोबरच केलं तिने. पण इथे तीस डॉलरवाल्या कागदावर आम्हा तिघांनाही तेच बिनकिमतीचं कार्ड मिळालं होतं आणि बिलाचा आकडा मात्र आधीच माहीत होता, आणि मी किती दिवसांनी कुणास ठाऊक, मेनूकार्ड डावीकडून वाचलं. ट्राउट मासा खावासा वाटला म्हणून ट्राउट सांगितला. त्याआधी पाते, म्हणजे वाटलेल्या मांसाचा फ्रेंच प्रकार. बस.

पाणी कुठलं हवं, स्पार्कलिंग की स्टिल, असं विचारलं की न घाबरता टॅप म्हणायचं. न्यूयॉर्कच्या नळाचं पाणी कॅट्सकिलच्या डोंगरांकडून येतं, बरंचसं फिल्टरसुद्धा न करता, आणि चवीला अगदी उत्तम. ब्रेड-बटर फुकट होतं. ब्रेडवर माझं प्रेम आहे पण पहिल्या टोपलीतच पोट भरून घेतलं तर मग ट्राउटशी गद्दारी होते, एवढं भान ठेवावं.

आई शाकाहारी. अनियन सूपकडे तिचं लक्ष गेलं होतं पण ते बीफच्या स्टॉकमध्ये, म्हणजे हाडं-मांस उकळलेल्या पाण्यात करतात, नाव नुसतं कांद्याचं. विशिस्वाज नावाच्या सूपचं विचारलं तर वेटर आत जाऊन विचारून आला, आमच्याकडे चिकन स्टॉक नाही, फक्त लीक (जाड कांद्याच्या पातीसारखं असतं ते), बटाटा, क्रीम. गार सूप. नाव ऐकून वाटतं की हे थेट पॅरिसहून आलंय, पण न्यूयॉर्कच्याच रिट्झ-कार्लटन हॉटेलात लुई दिया नावाचा फ्रेंच शेफ होता, १९१७ च्या उन्हाळ्यात हे आपण केलं असं त्याचं सांगणं, आईच्या घरच्या लीक-बटाट्याच्या सूपवरून. लहानपणी ते गरम सूप निवावं म्हणून तो त्यात गार दूध घालायचा म्हणे. आईला सूपपेक्षा ही गोष्ट आवडली. रातातूय, म्हणजे वांगं-टोमॅटोची फ्रेंच भाजी, आल्यावर मात्र तिने मान हलवली. "वांगं पूर्ण शिजलंय आणि तरी मोडलं नाहीये, हे सोपं नसतं." मग बराच वेळ काही बोलली नाही, नुसतं खाल्लं.

नवऱ्याने स्टेक घेतला. स्टेकपुढे बारीक अक्षरात अधिक १२ असं लिहिलेलं होतं. रकाना गेला म्हणून मी एवढी खूश झाले होते, तो असा मागच्या दाराने परत येतो. सप्लिमेंट म्हणतात त्याला. शिवाय त्याने एक ग्लास वाइन मागवली, १७ डॉलर, आणि आईने बघून ठेवलं.

तर परवडतं कसं. मला जेवढं कळलंय ते असं की जुलै-ऑगस्टमध्ये पैसेवाले न्यूयॉर्ककर समुद्रकिनाऱ्यांवर पळालेले असतात आणि जानेवारीच्या थंडीत कुणाला घराबाहेर पडायचं नसतं, हा वीक नेमका तेव्हाच का येतो ते यावरून कळावं. टेबल रिकामं राहिलं तरी जागेचं भाडं, कुकचा पगार, सगळं चालूच. मग रिकाम्या खुर्चीपेक्षा तीस डॉलरची खुर्ची बरी. पदार्थ मोजके असले की आत किती काय लागणार ते सकाळीच ठरतं, वाया कमी जातं, आणि त्या कागदावर लॉब्स्टर नसतोच, कोंबडी असते, साधा मासा असतो. उरलेलं वाइन भरून काढते. एका ग्लासची किंमत साधारण तेवढी ठेवायची जेवढ्याला अख्खी बाटली घाऊक पडली, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. हे ऐकल्यावर आईने जावयाच्या ग्लासकडे असं काही बघितलं की त्याने तो अर्धाच ठेवला. "आई, अहो पिऊ द्या की, घेतलीय आता," तो म्हणाला. "प्या ना, मी कुठे काय म्हटलं," आई म्हणाली.

हे ठरलेल्या जेवणाचं प्रकरण काही सवलतवाल्यांसाठी काढलेलं नाही, उलट तेच जुनं. पॅरिसमध्ये रेस्टॉरंटं नव्हती तेव्हा खानावळीत एकच लांब टेबल असायचं, ठरलेली वेळ, ठरलेले पैसे, आणि जे शिजलंय ते पंगतीसारखं सगळ्यांना वाढलं जाणार, उशिरा आलात किंवा टेबलाच्या कडेला बसलात तर तुमचं नशीब. वेगळं टेबल, हवी ती वेळ, छापील यादी आणि पदार्थापुढे किंमत ही चैन अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी आली. बोव्हिलिए नावाच्या शेफने १७८२ मध्ये पॅरिसला काढलेलं रेस्टॉरंट यातलं मोठं नाव. म्हणजे तो उजवीकडचा रकाना हाच मुळात नवा आगाऊपणा! आणि फ्रान्समध्ये आजही दुपारी सगळे आरामात पाटीवर लिहिलेलं ठरलेलं जेवण मागवतात, चांगल्या चांगल्या स्टारवाल्या ठिकाणीसुद्धा दुपारचा मेनू रात्रीपेक्षा बराच स्वस्त असतो. तिथे कुणी घसा साफ करत नाही.

बिल आलं. तीन जेवणांचे ९०, स्टेकचे १२, वाइन १७, आईची कॉफी ६, झाले १२५, त्यावर न्यूयॉर्कचा ८.८७५ टक्के कर म्हणजे अकराच्या वर. नवऱ्याने वीस टक्के टिप धरून २५ लिहायला पेन काढलं.

"थांबा," आई म्हणाली. आणि वेटरला हाक मारून तिने ते मोठं, जाडजूड कार्ड परत मागवलं. मला वाटलं आता ही काय करते. तर तिने चष्मा लावून, उजवीकडच्या रकान्यातून, आम्ही खाल्लेलं सगळं शोधून काढलं. तिचं सूप १८ आणि रातातूय २९. माझे पाते २१ आणि ट्राउट ३६. जावयाचं सॅलड १९ आणि स्टेक ४८. वाइन-कॉफी धरून १९४. तिचं म्हणणं असं की तो मुलगा आपल्यासाठी तेवढाच चालला, तेवढ्याच प्लेटा उचलल्या, माझ्यासाठी आत जाऊन स्टॉकचं विचारून आला, मग सूट हॉटेलने दिली आणि कापली ह्याची टक्केवारी का? इथे वेटरच्या कमाईत टिपच मोठी असते, सगळीकडे स्वस्त बिलं व्हायला लागली की हे आठवडे त्यांनाच जड जातात, हे तिला आम्ही सांगितलेलंही नव्हतं.

तर टिप गेली ३९. एकूण १७५. नवरा म्हणाला की आई, हे माणशी तीस होतं ते अठ्ठावन्न झालं. आईला ते मान्य होतं, तिची काही तक्रार नव्हती. परतीच्या ट्रेनमध्ये तिने पावतीच्या मागच्या बाजूला आणखी काहीतरी मांडलं आणि मला दाखवलं.

"माझ्यात सतराच सुटले. ह्यांच्या स्टेकमध्ये पंचवीस, ते बारा धरून. तुझ्यात सत्तावीस. थंडीत परत असतो ना हा, तेव्हा मी नसेन. दोघंही मासा घ्या."