पाहुणे चालतात, फंडाचं नाव चालत नाही

टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात मी कला विभागाचं बजेट बघते. कोणाला बोलवायचं ते प्राध्यापक ठरवतात, पण मानधन, विमानाचं तिकीट, हॉटेल, व्हिसासाठीचं पत्र आणि शेवटी टॅक्स हे सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडतं. आमच्याकडे एक छोटासा फंड होता, त्याच्या नावातच ‘डायव्हर्सिटी’ होतं. आमच्या स्टाफमध्ये ज्या परंपरांचं कोणीच नाही तिथले कलाकार आणि अभ्यासक आठवडाभरासाठी बोलवायचे, एवढंच त्याचं काम.

गोष्ट २०२४ च्या स्प्रिंग सेमिस्टरची. १ जानेवारीपासून इथे एसबी १७ (सिनेट बिल १७) लागू झाला होता, आदल्या वर्षी जूनमध्ये राज्यपाल ॲबट यांनी सही केलेला कायदा. सरकारी विद्यापीठात डीईआय, म्हणजे विविधता, समन्याय आणि समावेशनाचं, ऑफिस ठेवायचं नाही, त्या कामाला माणसं नेमायची नाहीत, ते ट्रेनिंग सक्तीचं करायचं नाही वगैरे. आणि स्टेट ऑडिटरला काही सापडलं आणि मुदतीत दुरुस्त नाही केलं तर राज्याच्या निधीत मिळणारी वाढ बंद. त्यामुळे वरपासून खालपर्यंत सगळेच धास्तावलेले, वेबसाइटवरचे शब्द पुसणं चालू होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या एका वादकाचा कार्यक्रम होता, सोन हारोचो या तिथल्या लोकसंगीताचा. साठीतले गृहस्थ, बरोबर मुलगी, दोघं आदल्या रात्रीच येऊन पोचलेले. आणि सकाळी मी मेल उघडते तर काय, ‘नावात डायव्हर्सिटी असलेल्या सर्व फंडांचा खर्च थांबवा, आजचा कार्यक्रम रद्द करा’. पाहुणे हॉटेलात नाश्ता करतायत आणि आम्ही त्यांना परत पाठवायचं!

मी वरच्या ऑफिसला फोन लावला, म्हटलं कायद्याच्या कुठल्या कलमाखाली? तर म्हणे रिस्क नको. आपल्याकडे जीआर कोणी वाचलेला नसतो पण साहेब म्हणाले म्हणून फाइल थांबते ना, हुबेहूब तेच. मग मी बसले आणि कायदाच उघडला, टेक्सासच्या एज्युकेशन कोडचं कलम ५१.३५२५. फार मोठा नाहीये, चहा संपेपर्यंत वाचून होतो. आणि त्यात सरळ लिहिलंय की ही बंदी कशाकशाला लागू नाही: वर्गातलं शिकवणं, संशोधन आणि कलानिर्मिती, विद्यार्थी संघटनांचे कार्यक्रम, आणि पुढे चक्क, थोड्या काळासाठी आलेले पाहुणे वक्ते किंवा कलाकार. म्हणजे ज्याला रद्द करायला निघाले होते त्याला कायद्यानेच सूट दिलेली! ती ओळ पिवळी करून मी मेल विद्यापीठाच्या वकिलांना पाठवला आणि आमच्या डीनना सीसी केलं. (सीसी केल्याशिवाय इथे उत्तर येत नाही, हा माझा अनुभव.)

दुपारी उत्तर आलं. कार्यक्रम करा, पण पैसे त्या फंडातून नकोत, आणि पोस्टरवरची ‘डायव्हर्सिटी सिरीज’ ही ओळ काढा. ठीक आहे. संगीत विभागाच्या साध्या खात्यात खर्च वळवला आणि पोस्टरं परत छापली. कोणीतरी सुचवलं की मग दहा डॉलर तिकीट लावू, तेवढीच भरपाई. ते मात्र मी हाणून पाडलं. हे लोक बी-१ वर, म्हणजे कामानिमित्त थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांच्या व्हिसावर आलेत, त्यावर मानधन घेता येतं पण अटींवर: एका संस्थेत जास्तीत जास्त नऊ दिवस, सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्था नाहीत, काम शैक्षणिक स्वरूपाचं, आणि कलाकाराने वाजवायचं असेल तर श्रोत्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. तिकीट लावलं की सगळं प्रकरण परफॉर्मरच्या व्हिसात जातं, त्याला अर्ज, कलाकारांच्या युनियनचं मत, किती आठवडे जातील काय सांगावं.

या गडबडीत मी स्टेजवर गेले तर तिथे वेगळंच चाललेलं. सोन हारोचोत तारीमा लागते, म्हणजे लाकडी चौथरा, त्यावर पाय आपटत नाचतात आणि तोच तालवाद्य असतो. आमच्या सुताराने प्लायवूडचा करून दिला होता. म्हाताऱ्याने बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं, मान हलवली, आणि बाजूंना भोकं पाडायला लावली. परत टकटक. आता आवाज पोटातून आल्यासारखा घुमला. त्यांच्या पेटीतून हाराना निघाली, म्हणजे छोटी गिटारच, एकाच ओंडक्यातून कोरलेली, आठ तारांची, आणि तिच्याखालून कापडात गुंडाळलेला गाढवाचा जबडा! खरा, दातांसकट. मुठीने ठोसा मारला की सैल झालेले दात खडखडतात. आमची एक विद्यार्थिनी दचकून मागे सरकली आणि पाच मिनिटांनी तीच वाजवत होती.

कार्यक्रमाआधी त्यांना पोस्टर का बदललं ते सांगावंच लागलं. मुलगी दुभाषी. म्हातारा खो खो हसला. म्हणाला, आमच्याकडे १७६६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धार्मिक न्यायालयाने, एका गाण्यावर आणि त्याच्या नाचावर बंदी घातली होती, हवानाहून जहाजाने आलेलं चावट गाणं, पाद्र्यांची टिंगल करणारं. आणि मग म्हणे, ‘पैसे मिळणार ना पण?’

मिळाले, पण पूर्ण नाही. मानधन दोन हजार डॉलर ठरलेलं, परदेशी पाहुण्याचा तीस टक्के टॅक्स आधीच कापायचा असतो, म्हणजे हातात चौदाशे. प्रवासाचं आणि हॉटेलचं पावत्या दिल्या की कापत नाहीत. हे त्यांना मी बोलावतानाच पत्रात लिहिलं होतं, तरी तो आकडा समोर आल्यावर पाहुण्याचा चेहरा उतरतोच, आणि दरवेळी मलाच लाजल्यासारखं होतं.

फंडाचं नाव आता ‘व्हिजिटिंग आर्टिस्ट्स’ आहे, रक्कम तीच, नियम बरेचसे तेच. पुढच्या वर्षासाठी मात्र अर्ज निम्मेसुद्धा आले नाहीत. एका प्राध्यापकांना विचारलं तर म्हणाले, जाऊ दे, कशाला उगीच कोणाच्या डोळ्यावर यायचं. मी त्यांना ती पिवळी केलेली ओळ पाठवली. अजून उत्तर नाही, बहुतेक सीसी करायला हवं होतं.