मागील बाकी पुढे चालू

ओहायोतल्या आमच्या नदीकाठच्या गावात माझे नवे वर्ष तीनदा सुरू होते. एक जानेवारीला सगळ्यांबरोबर, गुढीपाडव्याला घरातल्या घरात, आणि या दोहोंच्या मधे, जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, चर्चच्या तळघरातल्या सभागृहात आमच्या क्विल्टिंग गिल्डबरोबर, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखी पांघरुणे शिवणाऱ्यांच्या संघाबरोबर. पहिल्या नव्या वर्षी मी संकल्प करते आणि आठवड्याभरात विसरते, पाडव्याला श्रीखंड करते. परंतु खरा हिशेब द्यावा लागतो तो या तळघरात, बुटांचे बर्फ पायपुसण्यावर झटकून घडीच्या खुर्चीवर बसल्यावर.

गिल्ड हा शब्द मोठा भारदस्त आहे. मध्ययुगीन युरोपात विणकर, सोनार, सुतार यांचे संघ असत, त्यांचा तो शब्द. आमच्या गिल्डमध्ये कोणाकडे उमेदवारी करावी लागत नाही, वर्गणी तेवढी भरावी लागते. स्वभावाने ती महिला मंडळ आणि गृहनिर्माण संस्था यांच्या मधली आहे. चाळीसेक सभासद आहेत, त्यांत बहुतेक निवृत्त स्त्रिया आणि दोन पुरुष. त्या दोघांपैकी एक पूर्वाश्रमीचा अभियंता असून त्याच्या त्रिकोणांचे कोपरे आम्हा सर्वांपेक्षा नेमके जुळतात, ही गोष्ट आम्ही त्याला फारशी सांगत नाही.

कार्यक्रमपत्रिका पाहिली की मला पुण्यातल्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, नव्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडणे; प्रत्येक ठरावाला सूचक हवा, अनुमोदक हवा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषयही येथे असतात. फरक इतकाच की पार्किंगचा प्रश्न निघत नाही, कॉफीचे मोठे भांडे गळते हा निघतो. गेल्या तीन जानेवारींत तो निघाला आणि तिन्ही वेळा पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. खजिनदारबाई पत्र्याच्या पेटीत वर्गणीचे धनादेश ठेवतात, आणि जिने स्वतः शिवलेला नावाचा बिल्ला गळ्यात घातला नसेल तिच्याकडून पंचवीस सेंटचा दंड जागच्या जागी वसूल करतात. मी दरवर्षी किमान एक डॉलर या खात्यावर खर्च करते.

मग कागद फिरू लागतात. कोणत्या महिन्यात कोणी खाऊ आणायचा, इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी छोट्या क्विल्टा कोण शिवणार, आणि एप्रिलमध्ये पडुकाला कोण कोण येणार. पडुका हे केंटकी राज्यातले लहानसे शहर आमच्याच ओहायो नदीच्या खालच्या अंगाला आहे, आणि क्विल्ट शिवणाऱ्यांना ते पंढरपूरच्या ठिकाणी. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी १९८४ साली तेथे स्थापन झाली, १९९१ साली संग्रहालय उघडले, आणि तेथील वार्षिक प्रदर्शनाच्या आठवड्यात रस्त्यावर जिकडे पाहावे तिकडे चाकांच्या पिशव्या ओढणाऱ्या बायका दिसतात. वारीत जसा कोणी कोणाला ‘कशाला आलात’ असे विचारत नाही, तसे तेथेही नाही. मी त्या कागदावर न चुकता नाव लिहिते.

सर्वांत शेवटी येतो तो कोरा कागद, बारा ओळींचा. त्याला यूएफओची यादी म्हणतात. उडत्या तबकड्यांशी तिचा संबंध नाही. अनफिनिश्ड ऑब्जेक्ट, म्हणजे हाती घेऊन अर्धवट टाकलेले काम. प्रत्येक सभासदाने आपल्या घरातली अशी बारा कामे आठवून, क्रमांक घालून लिहावीत आणि कागद अध्यक्षीणबाईंकडे द्यावा. त्या दर महिन्याला डब्यातून एक क्रमांक काढतात, आणि ज्याच्या त्याच्या यादीत त्या क्रमांकावर जे असेल ते पुढच्या सभेपर्यंत पुरे करायचे असते. पुरे करणारीला डिसेंबरच्या सोडतीची चिठ्ठी मिळते, न करणारीने डॉलर टाकायचा. तो डबा डॅनिश बिस्किटांचा निळा, गोल, पत्र्याचा आहे. कराड असो की ओहायो, त्या डब्यात बिस्किटे सापडल्याचे मला आठवत नाही. सुया, दोरे आणि बटणेच सापडतात.

हा कागद हातात आला की सभागृहात एकदम शांतता पसरते. बारा कशी होणार, असा प्रश्न कोणालाच पडत नाही. बारांतच कशी बसवायची, हा पडतो. आमच्यातल्या सर्वांत वडील बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. येथे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची रीत आहे. मी तोंडाने तशी मारते आणि मनातल्या मनात पुढे ‘आजी’ जोडते. त्यांनी यंदा दुसरा कागद मागून घेतला. माझ्या यादीत क्रमांक एकवर भाचीच्या मुलासाठी घेतलेले बाळाचे दुपटे आहे. तो आता दुसरीत आहे. दुपट्यावर बदके आहेत, आणि त्याला सध्या फक्त डायनासोर चालतात. तेव्हा ते कधी पुरे झालेच तर त्याच्या मुलाला होईल.

कराडला माझ्या आजोबांचे किराणा दुकान होते. दिवाळीत नव्या चोपडीची पूजा होई, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि ‘श्री’ निघे, आणि ते कुंकू पुरते वाळायच्या आत आजोबा जुनी चोपडी मांडीवर घेऊन तिच्यातली येणी-देणी नव्या चोपडीत उतरवू लागत. मला तेव्हा त्याचे वाईट वाटे. इतके कोरे, करकरीत पान, आणि त्यावर कोणा पाटलाचे मागल्या वर्षीचे गुळाचे पैसे! यूएफओची यादी लिहिताना माझी मान आजोबांसारखीच खाली झुकलेली असते, आणि हल्ली मला ते पान तितके बिघडल्यासारखे वाटत नाही.

आईला हा सगळाच प्रकार अगम्य आहे. “अगं, चांगलं नवं कापड विकत घ्यायचं, त्याच्या चिंध्या करायच्या आणि परत त्या जोडत बसायचं, ह्याला काय म्हणावं?” असे ती दर जानेवारीत फोनवर विचारते. तिचा मुद्दा बिनतोड आहे. क्विल्ट म्हणजे तीन थर: वर तुकडे जोडून केलेले तोंड, मधे बॅटिंग म्हणजे कापसाचा पातळ पापुद्रा, खाली अस्तर, आणि तिन्हींतून जाणारा धावदोरा. ही तर गोधडीच झाली. पण गोधडीला चिंध्या घरातच असतात, क्विल्टला त्या दुकानातून आणाव्या लागतात, अठरा बाय बावीस इंचांच्या घड्या करून रिबीन बांधलेल्या. शिवाय अचूकपणाचे सोवळे असते. शिवण पाव इंचाचीच हवी. एका ओळीत नऊ तुकडे असले तर शिवणी आठ. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचे सोळांश इंच कापड जास्त दबले, तर ओळ चांगली एक इंच आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी तिचे आयुष्यभर जमत नाही. माझ्या यादीतली निदान चार कामे या सोळांश इंचावर अडलेली आहेत. शिवण उसवायचे हत्यार माझ्याकडे तीन आकारांत आहे.

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणत. मार्च-एप्रिलमध्ये, शेतातली कामे उरकल्यावर, गावी ओसरीवर आजीचे जुने लुगडे पसरले जाई. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे हाताला येईल ते वजन. मधे फाटकी धोतरे, परकर, सदऱ्यांच्या पाठी; वरून दुसरे लुगडे. मग शेजारणी चार बाजूंना बसत आणि कडेने टाके घालत घालत मधे सरकत, त्यामुळे शेवटी सगळ्या वाकळेच्या मध्यावर एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असत. पाव इंच वगैरे कोणी मोजत नसे. मधल्या बोटाचे पेर हे माप. आणि त्यांच्यात कोणाची वाकळ अर्धवट राहिलेली मी पाहिली नाही, कारण पावसाळा यायचा असे आणि घरात अंगावर घ्यायला दुसरे काही नसे. अर्धवट टाकायला सवड लागते, कापडाने भरलेले कपाट लागते. आमच्या गिल्डमध्ये दोन्ही मुबलक आहेत.

अमेरिकेतही सगळ्या क्विल्टा सवडीतल्या नव्हत्या. एका सभेत आम्ही अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्विल्टांची चित्रे पाहिली. कामाच्या विजारी, गुडघ्याशी झिजलेल्या. खिसा काढून घेतला तेथे मूळचा गडद निळा चौकोन तसाच राहिलेला. १९६६ साली तेथील स्त्रियांनी सहकारी संस्था काढून क्विल्टा विकायला सुरुवात केली, २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. त्या दिवशी अभियंत्यांनीसुद्धा कोपऱ्यांविषयी शब्द काढला नाही. मला मात्र त्या निळ्या चौकोनाकडे पाहून आमच्या वाकळेतली आजोबांच्या सदऱ्याची पाठ आठवत राहिली, आणि पुढच्या भारतभेटीत मी ती वाकळ सामानात घालून आणली.

यंदाच्या जानेवारीत, ‘दाखवा आणि सांगा’ या सदरात, मी ती उलगडली. क्विल्ट शिवणारी माणसे कोणतीही क्विल्ट दिसली की आधी उलटी करून पाठ पाहतात, हे मला ठाऊक होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी पुढे आल्या, त्यांनी कोपरा उलटा केला, आणि जेथे कड विरली आहे तेथे बोट घालून थर मोजू लागल्या. सर्वांत वर आईची हिरवी सुती साडी. तिच्याखाली एक विटलेले लुगडे. त्याच्याखाली, टाक्यांसकट, एक आख्खी जुनी वाकळ. फाटली की ती टाकत नसत, तिच्यावर नवे लुगडे चढवून पुन्हा धावदोरा घालत. आजींनी सातपर्यंत मोजले आणि मग हिशेब सोडला. “लेबलावर साल कोणते लिहिणार?” त्यांनी विचारले.

आमच्या गिल्डचा हा कडक नियम आहे. प्रत्येक क्विल्टच्या मागे खालच्या कोपऱ्यात कापडाचे लेबल हवे, त्यावर शिवणारीचे नाव, गाव आणि पुरे झाल्याचे साल. मी आईला फोन केला. ती म्हणाली, “वरची साडी तुझ्या लग्नानंतरची. खालचं तुझ्या आजीचं. त्याच्या खालचं मला कसं माहीत असणार, मी तेव्हा ह्या घरात आले नव्हते.” थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, “आणि पुरी झाली असं कुणी सांगितलं तुला? कड विरलीय ना? मग घाल की त्यावर एखादं कापड.” लेबलावर मी अजून काहीही लिहिलेले नाही, आणि दिलेल्या यादीत तेरावी ओळ घालता येईल का, असे अध्यक्षीणबाईंना विचारून ठेवले आहे. त्यांनी तो विषय आयत्या वेळच्या विषयांत घेण्याचे कबूल केले.

डब्यातून क्रमांक निघाला अकरा. सभागृहात कोठे हुश्श झाले, कोठे कण्हणे ऐकू आले. माझ्या यादीत अकरावर लॉग कॅबिन आहे: मधे लाल चौकोन, म्हणजे घरातली चूल, आणि तिच्याभोवती ओंडक्यांसारख्या पट्ट्या, एका अंगाला फिक्या, दुसऱ्या अंगाला गडद. जोडकाम झालेले आहे, हाताने टाके घालणे अर्धे राहिले आहे. त्या रात्री घरी येऊन गॅरेजमध्ये शोधाशोध केली, तेव्हा ख्रिसमसच्या झाडाच्या खोक्याखाली तिचा डबा सापडला. घडी उलगडली तर सुई अजून कापडातच होती, ओवलेल्या दोऱ्यासकट, टाका घालता घालता कोणी हाक मारावी आणि उठून जावे तशी. कोणी हाक मारली होती, ते मला आठवले नाही. सुई ओढून काढली, तर तिच्या लांबीचा तांबूस गंज फिक्या पट्टीवर उमटलेला.

लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेव, डाग जातो, असे आईने सांगितले. लिंबू आहे, मीठ आहे. ओहायोत जानेवारीत ऊन कोठून आणायचे, हा विषय आम्ही दोघींनी पुढच्या फोनवर टाकला आहे.